अंतराळातले कर्जत

४ ऑक्टोबर २०१२ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या ‘किबो’ या जपानी विभागातून पाच छोटे उपग्रह बाहेर सोडले गेले. जपानी अंतराळवीर अकिहिको होशिदे तेव्हा स्थानकावर होते. चार उपग्रह दहा सेंटिमीटर बाजूचे ठोकळे, पाचवा त्यांच्या दुप्पट लांबीचा. त्याच वर्षीच्या जुलैत एका मालवाहू यानातून ते वर आले होते. किबोच्या छोट्या एअरलॉकमधून त्यांच्या पेट्या बाहेर काढल्या, यांत्रिक हाताने त्या धरल्या आणि पेटीतल्या स्प्रिंगने एकेक उपग्रह ढकलला. कोणत्या दिशेला? मागे आणि खाली. स्थानक ज्या दिशेने धावते तिच्या उलट आणि पृथ्वीच्या बाजूला. वर्ष पुरे व्हायच्या आत पाचही उपग्रह वातावरणात शिरून जळून गेले.

असे का करावे लागते, हे एकदा नीट समजले की या विषयाचे अर्धे मर्म हाती येते. कक्षा हा बंद रस्ता आहे. स्थानकावरून एखादी वस्तू पुढे किंवा वर ढकलली, तर ती अधिक उंच जाते खरी, पण जिथून निघाली त्या बिंदूला तिची कक्षा पुन्हा येऊन मिळते. स्थानकात माणसे राहतात. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या त्या घराच्या वाटेत आपणच सोडलेला ठोकळा पुन्हा आडवा येऊ नये, म्हणून नियम असा, की उपग्रह मागे-खालीच सोडायचा. शिवाय तो असा हलका आणि पसरट हवा, की विरळ हवेच्या घर्षणाने स्थानकापेक्षा लवकर खाली उतरत जाईल.

हे पुस्तक ज्या कल्पनेविषयी आहे ती याच्या नेमकी उलट आहे. पृथ्वीभोवती फिरणारे एक ठाणे असावे, पृथ्वीवरून उपग्रह तिथवर आणावा, तिथे तो तपासावा, जोडावा, इंधन भरावे आणि मग वरच्या कक्षेत पाठवावा, ही ती कल्पना. ती शंभर वर्षांची आहे. थोर माणसांनी तिच्यासाठी आयुष्ये वेचली, सरकारांनी तिचे आराखडे काढले आणि बाजूला ठेवले. आज स्थानके आहेत, उपग्रह आहेत, वर नेणारी इंजिनेही आहेत. तरी एकही मोठा दळणवळण उपग्रह कुठल्या स्थानकावरून भूस्थिर कक्षेकडे गेलेला नाही. का गेला नाही आणि पुढे जाईल का, हे दोन प्रश्न पुढच्या सगळ्या प्रकरणांतून वाहतात. वाचकाने पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी या प्रश्नांची जमीन थोडी नांगरून ठेवावी, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

हर्मन ओबेर्थ यांनी १९२३ साली ग्रहांकडे जाणाऱ्या अग्निबाणांवर जे पुस्तक लिहिले, त्यात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ठाण्याचा आणि तिथे इंधन भरून घेण्याचा विचार आहे. त्या काळी एकही द्रवइंधनी अग्निबाण उडालेला नव्हता. पुढे हर्मन पोतोच्निक या स्लोव्हेन इंजिनिअराने फिरत्या चाकाच्या आकाराचे स्थानक रेखाटले. १९५२ साली वेर्नर फॉन ब्राउन यांनी ‘कोलियर्स’ साप्ताहिकातून ते चाक लाखो अमेरिकी घरांत पोचवले. त्यांचे स्थानक सुमारे १,७३० किलोमीटर उंचीवर फिरणार होते आणि चंद्राकडे जाणारी याने त्याच्याजवळच जोडली जाणार होती. पुढे खऱ्या चंद्रमोहिमेची वेळ आली तेव्हा हाच वाद निर्णायक ठरला. पृथ्वीच्या कक्षेत जुळणी करून निघायचे, की एकाच अग्निबाणाने निघून चंद्राच्या कक्षेत छोटे यान सोडायचे? जॉन हूबोल्ट यांनी दुसऱ्या वाटेचा आग्रह चिकाटीने धरला आणि जुलै १९६२ मध्ये नासाने तीच स्वीकारली. वेळेच्या दृष्टीने निर्णय अचूक होता. माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला. पण पृथ्वीच्या कक्षेत उभे राहू शकणारे ठाणे त्यामुळे मागे पडले, आणि ते मागेच राहिले.

१९६९ मध्ये नासाने स्थानक, तिथवर जाणारी शटल आणि तिथून पुढे माल ओढून नेणारे ‘टग’ अशी तिन्ही अंगे एकत्र मांडली. जानेवारी १९७२ मध्ये मंजुरी मिळाली ती फक्त शटलला. म्हणजे गाडी मिळाली. ती जिथे थांबायची ते स्थानक नाही आणि तिथून पुढे नेणारे वाहनही नाही. जानेवारी १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी स्थानकाची घोषणा केली तेव्हा सुरुवातीच्या आराखड्यांत उपग्रह दुरुस्तीची जागा होती, टग ठेवायची सोय होती. खर्चाला कात्री लागत गेली तशी ती सगळी जागा कागदावरून पुसली गेली. उपग्रहांची ने-आण करणारे ठरलेले छोटे यान १९९० मध्ये रद्द झाले. उरली ती प्रयोगशाळा. ती उत्तम आहे आणि तिने पुष्कळ विज्ञान दिले. पण तळ म्हणून तिची बांधणी झालीच नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.

आता गणिताकडे. घाबरू नये, दोनच आकडे लक्षात ठेवायचे आहेत.

पृथ्वीच्या पकडीतून पुरते सुटायला दर किलोमागे जी ऊर्जा लागते, तिच्यातली निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा ४०० किलोमीटरवरच्या कक्षेत पोचेपर्यंतच खर्ची पडते. म्हणून स्थानकाला पोचलेला उपग्रह निम्मी वाट चालून आला, असे म्हणणे बरोबर आहे. इथूनच सगळा मोह सुरू होतो. आता पहिला आकडा: ४०० किलोमीटरवरच्या गोल कक्षेतून ५०० किलोमीटरच्या कक्षेत जायला वेगात सेकंदाला साधारण ५६ मीटरची भर लागते. हे फारच थोडे आहे. दुसरा आकडा: त्याच ४०० किलोमीटरवर कक्षेचे प्रतल, म्हणजे ती ज्या सपाट पातळीत आहे ती पातळी, फक्त १ अंशाने वळवायचे असेल, तर सेकंदाला सुमारे १३४ मीटर लागतात. एक अंश वळणे हे जवळपास अडीचशे किलोमीटर चढण्याइतके महाग आहे. अंतराळात उंची तुलनेने स्वस्त मिळते, दिशा मात्र फार महाग. माझ्या मते या विषयात सामान्य वाचकाला सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि वर्तमानपत्रांत नेमकी हीच वगळली जाते. बातमीत स्थानकाची उंची हमखास असते. त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल क्वचितच सापडतो.

मुंबई-पुणे रेल्वेने जाणाऱ्यांना हे चटकन पटेल. कर्जतला गाडी थांबते, मागून बँकर इंजिने लागतात, ती गाडीला ढकलत बोरघाट चढवून लोणावळ्याला पोचवतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली येतात. गाडीने मुंबईपासून घाटाची जादा इंजिने ओढत आणायची गरज नाही. चढ जिथे आहे तिथेच ती असतात, आणि तीच इंजिने रोज वापरली जातात. अंतराळ स्थानकाला तळ बनवू पाहणाऱ्यांच्या मनातले चित्र हेच आहे, आणि ते चुकीचे नाही. पण कर्जतची इंजिने कर्जतच्याच रुळावर उपयोगी. ज्याला नाशिकला जायचे आहे त्याने कर्जतला येऊन काय करायचे? त्याची चढण कसाऱ्याला आहे. स्थानकाच्या कक्षेचे प्रतल म्हणजे तो रूळ. त्याच रुळावरच्या प्रवाशाला ठाणे वरदान आहे; इतरांना तिथवर यायचा आणि तिथून वळायचा खर्च सगळी बचत खाऊन टाकतो.

हे नुसते कागदी गणित नाही, याची खात्री २००३ नंतर साऱ्या जगाला पटली. त्या वर्षी फेब्रुवारीत कोलंबिया शटल सात अंतराळवीरांसह कोसळले. पुढच्या जानेवारीत नासाने हबल दुर्बिणीची ठरलेली शेवटची दुरुस्ती-मोहीम रद्द केली. कारण असे, की यापुढे शटलला काही इजा झाली तर त्यातली माणसे स्थानकात आसरा घेणार होती, आणि हबलकडे गेलेल्या शटलला स्थानक गाठता येणे शक्य नव्हते. हबलचा कल २८.५ अंश, स्थानकाचा ५१.६. उंचीतला फरक दीड-दोनशे किलोमीटरचा. पण या दोन प्रतलांमधले वळण घ्यायला सेकंदाला किमान ३ किलोमीटर वेगबदल हवा, आणि कक्षेत गेल्यावर शटलच्या इंजिनांकडे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा शिल्लक असे. शेवटी लोकांच्या आणि शास्त्रज्ञांच्या आग्रहाने मोहीम पुन्हा उभी राहिली, मे २००९ मध्ये पार पडली. आणि तेवढा काळ दुसरे शटल केवळ सुटकेसाठी तळावर सज्ज ठेवावे लागले.

मग स्थानक ५१.६ अंशांवर का ठेवले? अमेरिकेचे आधीचे ‘फ्रीडम’ स्थानक २८.५ अंशांवर व्हायचे होते, कारण केप कॅनाव्हेरलवरून सरळ पूर्वेला उडाले की तोच कल मिळतो. १९९३ मध्ये रशिया भागीदार झाला. बायकोनूर ४६ अंश उत्तरेला आहे, आणि तिथून अग्निबाणाचे टाकलेले टप्पे चीनच्या भूमीवर पडू नयेत म्हणून वाट थोडी उत्तरेकडे झुकवावी लागते, त्यातून ५१.६ हा आकडा आला. शटलची वाहून न्यायची ताकद त्यामुळे घटली, पण सोयुझ आणि प्रोग्रेस याने पोचू लागली. कोलंबियाच्या अपघातानंतर शटल थांबली तेव्हा याच यानांनी स्थानकावरची वस्ती टिकवली. राजकारणाच्या आणि माणसांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. पण त्याच दिवशी ते स्थानक भूस्थिर उपग्रहांचा तळ होण्याची उरलीसुरली शक्यता संपली. भूस्थिर कक्षेचा कल शून्य. ५१.६ अंशांवरून शून्यावर यायचे वळण स्थानकाच्याच उंचीवर घ्यायचे म्हटले तर सेकंदाला ६.७ किलोमीटर लागतील. जमिनीवरून कक्षेत येण्याच्या खर्चाचा तो दोन-तृतीयांशाहून मोठा भाग झाला. वळण वर, ३६,००० किलोमीटरवर घेतले तर बरेच स्वस्त पडते, कारण तिथे वेग कमी असतो. तरीही विषुववृत्ताजवळच्या तळावरून सरळ जाण्यापेक्षा ते महागच. आणि पृथ्वीची छायाचित्रे घेणारे बहुतेक उपग्रह ज्या सूर्य-समकालिक कक्षेत असतात, तिचा कल ९७-९८ अंशांचा. तिथे स्थानकावरून जाण्याचा विचारच करायला नको.

हे सगळे एकाच कंपनीच्या वाटचालीत दिसते. कॅलिफोर्नियातल्या ‘प्लॅनेट’ कंपनीने आपल्या ‘डव्ह’ नावाच्या छायाचित्रक उपग्रहांचा पहिला थवा, एकूण २८, फेब्रुवारी २०१४ पासून स्थानकावरूनच सोडला. उपग्रह मालवाहू यानातून मऊ वेष्टनात गुंडाळून वर गेले, त्यामुळे उड्डाणाचे हादरे कमी बसले, खर्चही बेताचा. पण ते थोड्याच काळात जळून गेले आणि ५१.६ अंशांपलीकडची पृथ्वी त्यांच्या खालून कधी गेलीच नाही. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३७ ने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले, त्यांत ८८ डव्ह होते आणि ते सूर्य-समकालिक कक्षेत गेले. स्थानक जे प्रतल देऊ शकत नव्हते, ते त्यांना पीएसएलव्हीने दिले. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचे उपग्रहही याच वाटेने गेले: पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये, आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरात.

तरीही स्थानकावरून सोडलेल्या त्या ठोकळ्यांना कमी लेखू नये, असे मला मनापासून वाटते. सुरुवात १९८२ मध्येच झाली होती. सोव्हिएत सॅल्यूत-७ स्थानकावरून बेरेझोवोय आणि लेबेदेव या दोघांनी १७ मे रोजी ‘इस्क्रा-२’ हा हौशी रेडिओवाल्यांसाठीचा उपग्रह कचरा टाकायच्या एअरलॉकमधून बाहेर सोडला. किबोची पेटी आल्यावर तर ज्या देशांकडे अग्निबाण नव्हता त्यांच्यासाठी दार उघडले. जपानच्या क्युशू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला आलेल्या तरुणांनी बनवलेले उपग्रह किबोतून बाहेर पडले. २०१७ मध्ये बांगलादेश, मंगोलिया आणि घानाचा, २०१८ मध्ये भूतानचा, २०१९ मध्ये नेपाळ आणि श्रीलंकेचा. त्या त्या देशाचा पहिला उपग्रह. थोड्याच काळात तो जळून जाणार हे बनवणाऱ्यांना ठाऊक होते. काठमांडूत किंवा थिंफूत आपल्या देशाच्या उपग्रहाचा संकेत ऐकणाऱ्या मुलांना उंचीचा प्रश्न पडला नसेल.

आणि वर जायची एक वाट स्थानकावरून निघालीही. सिग्नस हे मालवाहू यान स्थानकावर माल उतरवून निघते तेव्हा त्याच्याकडे इंधन शिल्लक असते. नोव्हेंबर २०१६ मध्ये असे एक सिग्नस स्थानकापासून सुटल्यावर स्वतःची कक्षा उंचावत ५०० किलोमीटरच्या आसपास गेले, तिथे त्याने चार छोटे उपग्रह सोडले आणि मग स्वतः जळायला खाली आले. शंभर किलोमीटरची ही बढत ऐकायला क्षुल्लक वाटते. पण त्या उंचीवर हवा इतकी विरळ, की उपग्रहाचे आयुष्य महिन्यांऐवजी वर्षांत मोजता येते. ओबेर्थच्या कल्पनेचा प्रत्यक्षात आलेला अंश आज एवढाच आहे. मात्र तो खरा आहे, कारण प्रतल तेच ठेवून फक्त उंची वाढवली.

आता ज्या प्रकरणाने मला या विषयाकडे सर्वांत जास्त ओढले, तिकडे येतो. कक्षेतल्या तळावरून भूस्थिर कक्षेकडे उपग्रह पाठवणे म्हणजे काय, हे भारताने स्वतः अनुभवले आहे. तळ स्थानक नव्हता, शटल होती, आणि ती आठवडाभरासाठीच वर होती. पण कृती तीच. एप्रिल १९८२ मध्ये डेल्टा अग्निबाणाने गेलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. त्याचा जुळा इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ च्या रात्री फ्लोरिडाहून चॅलेंजरच्या पोटात बसून निघाला. शटलचे ते पहिलेच रात्रीचे उड्डाण. कक्षेत पोचल्यावर दुसऱ्या दिवशी उपग्रह आणि त्याच्याखालची पॅम-डी ही घनइंधनी मोटर एका फिरत्या तबकडीवर गरगर फिरवण्यात आली, म्हणजे जोर लागताना तोल जाणार नाही. आणि मग स्प्रिंगांनी ती जोडी बाहेर सोडली. शटल बाजूला झाली. सुमारे पाऊण तासाने मोटर पेटली आणि तीनेकशे किलोमीटरवरच्या कक्षेतून उपग्रह ३६,००० किलोमीटरकडे जाणाऱ्या लांबट वाटेला लागला. तिथे पोचल्यावर त्याने स्वतःच्या इंजिनाने कक्षा गोल केली. सौर पंखा उघडेना म्हणून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. अखेर तो उघडला. १९८४-८५ नंतर गावोगाव दूरदर्शनची जी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली, त्यांच्या मागे हा उपग्रह होता. पस्तिशी-चाळिशी ओलांडून पुढे गेलेल्या मराठी माणसाने लहानपणी पाहिलेल्या कितीतरी कार्यक्रमांनी शटलमधून निघालेल्या त्या यंत्रातून प्रवास केला आहे.

पुढच्याच वर्षी याच पद्धतीची कसोटी लागली. फेब्रुवारी १९८४ मध्ये शटलमधून सोडलेल्या दोन उपग्रहांच्या, अमेरिकेच्या वेस्टार-६ आणि इंडोनेशियाच्या पालापा-बी२ च्या, पॅम मोटरी पेटून लगेच विझल्या. दोन्ही उपग्रह धडधाकट, पण निरुपयोगी कक्षेत अडकलेले. साध्या अग्निबाणाने गेले असते तर कथा तिथेच संपली असती. इथे ती संपली नाही. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी शटल त्यांच्यापाशी गेली, जो अॅलन आणि डेल गार्डनर बाहेर पडले आणि दोघांनी दोन्ही उपग्रह पकडून शटलच्या पोटात आणले. हेच डेल गार्डनर इन्सॅट-१बी घेऊन गेलेल्या चमूत होते. दुरुस्त झालेला वेस्टार-६ एप्रिल १९९० मध्ये चिनी अग्निबाणाने पुन्हा वर गेला, या वेळी ‘एशियासॅट-१’ या नावाने. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आणि १९९२ मध्ये झी टीव्ही आपल्या घरांत आले ते याच उपग्रहावरून. केबलवाल्याने गच्चीवर ताटली बसवली तेव्हा ती ज्या यंत्राकडे तोंड करून होती, ते एकदा अंतराळातून हातांनी उचलून परत आणलेले होते, हे त्या काळी कुणी सांगितले नाही. सांगायला हवे होते.

या दोन गोष्टींत तळाचे खरे मोल आहे. तळामुळे इंधन वाचते, असे लोक समजतात, पण ते वाचत नाही. एक टनाचा उपग्रह खालच्या कक्षेतून भूस्थिर कक्षेत न्यायला उत्तम रासायनिक इंजिनालाही दीडेक टन इंधन लागते, आणि ते इंधन शेवटी जमिनीवरूनच उचलून न्यावे लागते. वाचतो तो उपग्रह. वर जाण्याआधी तो तपासता येतो, अडकलेला पंखा मोकळा करता येतो, एका अग्निबाणात न मावणारा सांगाडा तुकड्यातुकड्यांनी आणून जोडता येतो आणि टग परत आला तर तोच पुन्हा जुंपता येतो.

पण याची किंमत कुणी द्यायची, हा प्रश्न २८ जानेवारी १९८६ ने फार कठोरपणे विचारला. चॅलेंजर सात जणांसह नष्ट झाले. काही महिन्यांतच, शटलच्या पोटात द्रव हायड्रोजनने भरलेला सेंटॉर टप्पा न्यायचा बेत रद्द झाला. माणसांजवळ एवढे इंधन ठेवण्याचा धोका स्वीकारार्ह वाटेना. व्यापारी उपग्रह शटलमधून पाठवणेही थांबले. इन्सॅट-१सी शटलमधून जायचा होता, सोबत एक भारतीय अंतराळवीर जायचा होता, तयारीही झाली होती. तो उपग्रह १९८८ मध्ये आरियान अग्निबाणाने, अंतराळवीराविनाच गेला. तेव्हापासून मोठे व्यापारी उपग्रह माणसांच्या हातून नव्हे, थेट जमिनीवरून वर जातात, आणि अलीकडे त्यांतले काही स्वतःच्या विजेवर चालणाऱ्या मंद इंजिनांनी महिनोन्महिने चढत राहतात. इंधन भरणे मात्र वर रोजचे झाले आहे: १९७८ मध्ये प्रोग्रेस-१ ने सॅल्यूत-६ मध्ये इंधन भरले, तेव्हापासून स्थानके अशीच जगतात. आणि २०२० मध्ये एमईव्ही-१ या यानाने इंधन संपत आलेल्या इंटेलसॅट-९०१ ला जोडून घेऊन त्याला वर्षानुवर्षांचे आयुष्य दिले. त्यात कुणी माणूस नव्हता आणि कुठले स्थानकही नव्हते.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की माणसांचे घर आणि इंधनाचा तळ ही दोन वेगळी ठिकाणे असावीत. घराने माणसांच्या सोयीचा कल निवडावा. तळाने मालाच्या वाटेवरचा. घराच्या उपयोगाचे उपग्रह ते, जे त्याच प्रतलात राहतात आणि गरज पडली की दाराशी येतात. चीनने आपली शुनथ्यान दुर्बीण तियानगाँग स्थानकाच्याच कक्षेत ठेवायचे योजले आहे. एरवी ती अलग फिरेल, दुरुस्तीला स्थानकाला येऊन जुळेल. हबलच्या वेळी जे साधले नाही त्यावरचा हा उत्तम तोडगा आहे.

हा प्रश्न आता आपलाही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय अंतरिक्ष स्थानकाच्या पहिल्या विभागाला मंजुरी दिली. तो २०२८ मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभारायचे लक्ष्य आहे. १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स या भारतीय जुळणी-प्रयोगाचे प्रत्येकी सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जुळले. ते कौशल्य नसते तर यातले काहीच बोलता आले नसते. श्रीहरिकोटा १३.७ अंश उत्तरेला आहे. तिथून कमी कलाच्या कक्षेत जाणे सर्वांत सोपे, आणि भूस्थिर कक्षेच्या वाटेवर तोच कल सर्वांत उपयोगाचा. पण १४-१५ अंशांवर फिरणारे स्थानक मुंबईच्याही माथ्यावरून जाणार नाही, आणि दुसऱ्या देशांची याने तिथे मदतीला सहज पोचणार नाहीत. ५० अंशांच्या वर गेले तर सारा भारत खालून जाईल, इतरांशी सहकार्य सोपे होईल. मात्र त्या स्थानकावरून भूस्थिर उपग्रह पाठवण्याची भाषा कुणी करू नये. दोन्ही हवे असेल तर माणसांचे स्थानक वरच्या कलावर, आणि श्रीहरिकोट्याच्या पूर्ववाटेवर माणसाविना चालणारा, यांत्रिक हात असलेला छोटा इंधनतळ, असा विचार करता येईल. त्या तळासाठी वजनरहित स्थितीत थंडगार द्रव इंधन एका टाकीतून दुसरीत कसे न्यायचे, ते उकळून उडून जाऊ नये म्हणून काय करायचे, आणि उपग्रह पकडण्यासाठी त्याला कुठे कडी ठेवायची, हे आधी सोडवावे लागेल. पहिले प्रकरण या कडीपासूनच सुरू होते.